मासे माझे, भाजी तुझी

वन्सं, तुम्ही गेलात त्याला महिना उलटला. भेटायला येणारे लोक दोन शब्द बोलतात, चहा घेतात आणि निघताना मागच्या अंगणाकडे बघून विचारतात, "आता त्याचं काय करणार?" त्याचं म्हणजे तुमच्या टाकीचं, माशांचं, वर खडीत उभ्या असलेल्या पालकाचं. धारहून तुमच्या शाळेतल्या एक जुन्या बाई आल्या होत्या, त्यांनीही हेच विचारलं. तुमचा भाऊ कप गोळा करायला उठला. मी म्हणाले, "चालू आहे तसं चालू राहील." तुम्ही तिथे असतात तर लगेच म्हणाला असतात, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, शैला." खरंच मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ते तुम्हालाच सांगायचं आहे.

मराठीत लिहितेय हेही तुमच्यामुळेच. मी देवासची, हिंदी शाळेत शिकलेली. माझे वडील मालवणकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरी मराठी बोलायचो, पण कशी, तर "टाकी लीक होऊन राहिली" असं मी म्हणणार आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून, न रागावता, नुसतं "गळतेय" म्हणणार. तुमचं घर धारचं, संस्थानच्या काळापासूनचं, आणि शब्दही तेव्हाचे. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, नणंदेला ताई नाही म्हणायचं, वन्सं म्हणायचं. मला तो शब्द तोंडातून काढताच यायचा नाही. शब्दाइतकीच तुमचीही भीती वाटायची. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, ताठ चालणाऱ्या, धारच्या घरात एकट्या राहणाऱ्या. दिवाळीला यायचात, दोन दिवस राहायचात, आणि तुम्ही परतीच्या बसमध्ये बसलात की मी अंग सैल सोडायचे.

मग तुमचा उजवा हात थरथरायला लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे. धारहून एकटीने बसने येणं-जाणं जमेना, म्हणून ह्यांनी तुम्हाला देवासला आणलं. मला वाटलं होतं, आता वन्सं खोलीत बसतील, वर्तमानपत्र वाचतील, मी वेळेवर औषधं देईन. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. तुमचं मत कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या अंगणात मी दर हिवाळ्यात मेथी-पालक लावायचे आणि होळी झाली की ते जळून जाताना बघायचे. देवासच्या पाण्याचं काय सांगायचं. बोअर उतरते, टँकरचं पाणी प्यायला आणि आंघोळीला पुरवायचं, त्यातून झाडांना काय देणार? त्या वर्षी मी तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपाला घालत होते आणि तुम्ही पायरीवर बसून बघत होतात.

"हे पाणी परत मिळायला हवं," तुम्ही म्हणालात.

"परत कसं मिळणार? जमिनीत गेलं."

"मग जमिनीत जाऊ द्यायचं नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ धरून काहीतरी वाचत होतात, बघत होतात. मला वाटलं भजनं असतील. एका संध्याकाळी जेवताना तुम्ही शांतपणे म्हणालात, "दिलू, मला एक मोठी टाकी लागेल. आणि थोडे मासे."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ह्या घरात कधी अंडंही आलं नव्हतं. मला मासे खायचे असले की मी आईकडे जायचे, खाऊन, हात तीनतीनदा धुऊन परत यायचे. आणि मागणी करत होतात तुम्ही.

"खायला नाहीत, पाळायला," तुम्ही म्हणालात, आणि मग वर्गात समजावल्यासारखं सगळं समजावलंत. ह्याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. मासे पाण्यात घाण करतात. ते पाणी पंपाने वर चढवायचं आणि खडी भरलेल्या वाफ्यात सोडायचं. खडीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते त्या घाणीचं खत करतात. झाडं ते खत खातात, पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे येतं. माती नाही, आणि तेच पाणी फिरत राहतं. उन्हाने उडेल तेवढंच वरून घालायचं.

मग माझ्याकडे वळलात. "तू मासे खाणारी. तुझा त्यांच्यावर डोळा राहणार. म्हणून मासे माझे, भाजी तुझी."

तुमच्यासमोर मी मोकळेपणाने हसले ते बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा.

टाकीसाठी तुम्ही आम्हाला इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारवाल्यांकडे नेलंत. लोखंडी जाळीत बसवलेल्या त्या चौकोनी पांढऱ्या टाक्या, ज्यांतून कारखान्यांत नाही नाही ते येतं. पहिल्याच दुकानात ह्यांनी एक पसंत केली. तुम्ही मालकाला विचारलंत, "भिया, इसमें क्या आता था?"

"माताजी, अब तो खाली है. धो के दे रहा हूँ."

"खाली है वो तो दिख रहा है. भरी थी तब क्या था?"

त्याने साबण सांगितला. तुम्ही पदर खोचून वाकलात, टाकीच्या तोंडात डोकं घातलंत, वास घेतलात आणि पुढच्या दुकानाकडे चालायला लागलात. ऊन होतं, तुमचे पाय जड पडत होते. हे म्हणाले, "ताई, टाकी ती टाकी." तुम्ही मागे वळूनही बघितलं नाहीत. शेवटी एका ठिकाणी ग्लुकोजच्या पाकाची टाकी मिळाली, गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यातून आलेली. आत चिकट होती आणि तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती. तुम्ही ती रांग बघितलीत आणि म्हणालात, "मुंग्यांना चालतंय, माशांनाही चालेल. हीच."

वेल्डरकडून तिचा वरचा भाग कापून घेतला, तो उलटा करून टाकीवर बसवला. तो झाला वाफा, खालची झाली माशांची टाकी. नर्सरीतून मी हौसेने पांढरे गोटे आणले, दिसायला छान म्हणून. तुम्ही त्यांच्यावर लिंबू पिळलंत आणि बारीक बुडबुडे आलेले मला दाखवलेत. "चुनखडी. पाणी बिघडवेल." गोटे परत गेले. मग साधी काळी खडी आणली, बांधकामाला वापरतात ती. तिच्यावर लिंबू पिळलं, काही झालं नाही. पोत्यांतून ती उपसून धुवायला आम्हा दोघींना इतके दिवस लागले की माझ्या बोटांना भेगा पडल्या. तुम्हाला बसूनच धुता येत होतं, तर तुम्ही पाट घेऊन बसलात.

सगळ्यांत जास्त छळलं ते सायफनने. वाफा पाण्याने भरत जायचा आणि एका उंचीला पोचला की सगळं पाणी आपोआप एकदम खाली उतरायचं, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. एका पाइपवर दुसरा पाइप टोपीसारखा बसवायचा, बाकी वीज नाही, मोटर नाही. प्लंबर हसला. "मैडम, पानी अपनी मर्ज़ी से नहीं उतरता. छोटी मोटर लगवा लो."

"मर्ज़ी से ही उतरता है, भिया," तुम्ही म्हणालात. "रास्ता ठीक देना पड़ता है."

तो गेला आणि आपण दोघी पाइप कापत बसलो. एकदा लांब, एकदा आखूड. पाणी भरायचं आणि उतरायच्या ऐवजी नुसतं ठिबकत राहायचं. माझा पाइप वाकडा कापला गेला की तुम्ही फक्त "दुसरा घे" म्हणायचात. एका दुपारी तुम्ही करवत स्वतः घेतलीत. हात असा हलत होता की पातं पाइपवर टिकेना. माझे हात करवत घ्यायला पुढे झाले होते, पण मग मी पाइपच घट्ट धरला. तुम्ही कापत राहिलात. पुष्कळ वेळ लागला. त्या दुपारनंतर मला तुमची भीती वाटली नाही.

तो तुकडा खालच्या तोंडाला वाकवून जोडल्यावर सायफन चालला. गटगट आवाज झाला, आणि सगळं पाणी धबधब खाली उतरलं. तुम्ही दोन्ही हात मांडीवर दाबून धरलेत, तरी ते थरथरत होते, आणि तुम्ही हसत होतात. म्हणालात, "पुन्हा भरू दे." संध्याकाळपर्यंत आपण तेच बघत बसलो. कुकर लावायचा राहिला म्हणून हे आत-बाहेर करत होते, आणि शेवटी तेही येऊन बसले.

मला वाटलं, आता मासे आणायचे. तुम्ही म्हणालात, "आधी त्यांच्या घाणीची सोय लागू दे." जिवाणू तयार व्हायला खाणं हवं आणि मासे अजून नव्हते, तर तुम्ही पंसारीच्या दुकानातून नवसागर मागवलात, कल्हईला लागतो तो, आणि चिमटीचिमटीने पाण्यात घातलात. हे चेष्टा करायचे, "माशांशिवाय माशांची घाण." पण रोज सकाळी तुम्ही काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचात, त्यात इंदूरच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेले थेंब टाकायचात आणि रंग बघायचात. हिरवा असेल तर पाण्यात विष आहे, पिवळा झाला की जिवाणू कामाला लागले. नळी तुमच्या हातात स्थिर राहायची नाही, म्हणून ती मी धरायला लागले.

"पिवळा?"

"नाही वन्सं, पोपटी."

"पोपटी म्हणजे पिवळ्याकडचा की हिरव्याकडचा?"

"पोपटीतही तीन येतात."

"तीन? कोणते, सांग."

माझं मॅचिंग सेंटर आहे, दिवसभर साडीवर ब्लाऊजपीस लावून बघणं हेच माझं काम. ह्या घरात त्याबद्दल कोणी काही वाईट बोललं नाही, पण कोणी कधी विचारलंही नव्हतं. तुम्ही विचारलंत. तोतापंखी, कच्ची कैरी, लिंबू, सगळे माझ्याकडून शिकून घेतलेत, दुकानातून कापडाचे तुकडे मागवलेत, आणि त्यानंतर तुमच्या शास्त्रात तेच शब्द चालू झाले. "आज कैरी आहे गं, अजून थांबू." ज्या दिवशी नळीत स्वच्छ लिंबू आला त्या दिवशी तुम्ही ह्यांना सांगितलंत, "गाडी काढ."

मी म्हणत होते, लाल-सोनेरी शोभेचे मासे घेऊ. तुम्ही रोहूवर ठाम. "इथल्या पाण्याचा आहे, उन्हाळा सोसेल." नर्मदेच्या बाजूला चांगलं मत्स्यबीज मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून धामनोदच्या अलीकडे एका माणसाकडून बोटाएवढी पिल्लं घेतली. त्याने ती पाण्याने अर्ध्या भरलेल्या पिशवीत सोडली, वर प्राणवायू भरला आणि गाठ मारली. तुम्ही ती पिशवी मांडीवर घेऊन बसलात. घाट चढताना पुढे-मागे ट्रकच ट्रक, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, उकाडा, आणि तुमचे हात नेहमीपेक्षा जास्त हलत होते. मला राहवेना. म्हणाले, "द्या वन्सं, मी धरते."

तुम्ही पिशवीकडे बघितलंत आणि म्हणालात, "असू दे. हलतेय ते बरंच आहे. पाण्यात हवा मिसळतेय."

हे गाडी चालवता चालवता हसले, मग नाक ओढायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरापर्यंत एकही पिल्लू मेलं नाही.

शेजारच्या कोठारी भाभींना आधी धक्का बसला होता. कट्टर जैन, कांदा-लसूण न खाणाऱ्या, आणि भिंतीपलीकडे मासे. मग त्यांना कळलं की तुम्ही मासे फक्त पाळता, आणि त्यांना आनंदच झाला. एका सकाळी त्या कणकेच्या गोळ्यांनी भरलेलं ताट घेऊन आल्या आणि टाकीत टाकायला लागल्या.

"भाभी, क्या कर रही हैं?"

"दीदी, मछली को आटा खिलाना बड़े पुण्य का काम है."

"पुण्य थोड़ा कम कीजिए, पानी सड़ जाएगा," तुम्ही म्हणालात, आणि त्यांच्याच हाताने जाळीने गोळे बाहेर काढायला लावलेत. भाभी रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, मग किती घालायचं. तुम्ही त्यांच्या तळहातावर माशांचे मोजके दाणे ठेवलेत. तेव्हापासून बुधवारचे दाणे भाभींचे.

आणि माझी भाजी. पालक, पुदिना, नंतर टोमॅटो. एप्रिल आला, गल्लीतल्या कुंड्या वाळल्या, आणि आपल्या खडीत पालक हाताएवढा. मी रोज दुकानात जाताना जुडी घेऊन जायचे, गिऱ्हाइकांना दाखवायला. विकायला नाही. दाखवायलाच.

मे महिन्यातला तो दिवस तुम्ही मला कधी आठवू दिला नाहीत, पण आज आठवते. वादळात कुठेतरी खांब पडला, दुपारी वीज गेली ती आलीच नाही. इन्व्हर्टरही बसला. भाभींनी दुकानात फोन केला, मी धावत आले, तर तुम्ही टाकीजवळ स्टुलावर बसून तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत होतात. अर्धं टाकीत पडत होतं, अर्धं तुमच्या अंगावर. पातळ चिंब. मासे सगळे वर आलेले, तोंडं उघडून. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही, हे मला तेव्हा समजावून सांगायची गरज नव्हती.

"वन्सं, तुम्ही आत चला, मी..."

"बोलू नकोस. बादली घे."

मी बादली घेतली. भाभी त्यांच्या घरून बादली घेऊन आल्या आणि नवकार मंत्र म्हणत पाणी उचलायला लागल्या. तिघी ऊन उतरेपर्यंत पाणी उचलत होतो. तुमच्या औषधाची वेळ टळून गेली, तुमचं शरीर आखडायला लागलं, खांद्याच्या वर हात जाईना. मग तुम्ही खालच्या खाली पाणी ढवळत राहिलात, पण उठला नाहीत. हे कामावरून येताना कारखान्यातून कुठूनतरी बॅटरी आणि हवेचा छोटा पंप घेऊन आले तेव्हा तुमच्या हातातून तांब्या मला सोडवून घ्यावा लागला. बोटं उघडत नव्हती.

काही मासे मेले. सकाळी आपण ते लिंबाच्या झाडाखाली पुरले. हे म्हणाले, "ताई, आता बंद करूया. तुझी तब्येत बघ." तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. बॅटरी आधीच घ्यायला हवी होती, मला सुचायला हवं होतं. पण बंद कशासाठी? बाकीचे जगलेत." आणि चहा पिऊन झाल्यावर मला नळी धरायला बोलावलंत.

मी अशी माणसं फार बघितलेली नाहीत, वन्सं. चूक झाली तर ती लपवायची नाही, तिच्यावरून रडायचंही नाही, आणि हात चालत नाही म्हणून डोकं थांबवायचं नाही. तुमचं हे कौतुक तुमच्या कानावर घालायचं राहूनच गेलं. तुम्ही समोर असताना तोंडून निघायचं ते फक्त "दूध गरम करू का?"

मग आपलं भांडण. ते अजून संपलेलं नाही, निदान माझ्याकडून.

ह्या हिवाळ्यापर्यंत रोहू चांगले दांडगे झाले होते. दाणे घालायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं, कारण तुम्हाला पायरी उतरणं कठीण झालं होतं. मी टाकीजवळ गेले की ते माझ्या सावलीखाली गोळा व्हायचे. तुम्ही खिडकीत बसून बघायचात. एक दिवस तिथूनच म्हणालात, "शैला, हे आता काढायला हवेत. निदान अर्धे."

"काढून सोडायचे कुठे?"

"सोडायचे कुठे काय? तुझ्या ताटात."

मला वाटलं थट्टा करताय. म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, खायला नाहीत."

"तेव्हा ते बोटाएवढे होते. आता टाकी त्यांना पुरत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की हवा कमी आणि मासे जास्त. पुन्हा सगळे तोंड उघडून वर येतील."

"मग तलावात सोडू."

"टाकीत, हाताने दाणे खाऊन वाढलेले मासे. तलावात सोडणं म्हणजे आपल्या डोळ्यांआड मरू देणं."

"माझ्याच्याने होणार नाही, वन्सं. मी रोज त्यांना खायला घालते."

"आईकडे खातेस ते मासे कोणीतरी मारलेलेच असतात ना? तू ह्याला दया म्हणतेस. मला तो आळस वाटतो."

जन्मात मासा न चाखलेल्या तुम्ही मला मासे खा म्हणून सांगत होतात आणि मालवणच्या बापाची मुलगी मी नको म्हणत होते. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. मला मात्र राग आला होता. त्यात तुम्ही आणखी एक बोललात. "आणि आईकडे नेऊ नकोस. इथे कर. आपल्या स्वयंपाकघरात."

"ह्या घरात? सासूबाई असत्या तर..."

"ती नाही. मी आहे. मी खात नाही, ते माझं. तुझ्यावर ते कशाला? इतकी वर्षं तू दुसरीकडे जाऊन खाऊन येतेस, आणि आम्ही कोणी एकदाही म्हटलं नाही की इथेच कर. म्हणायला हवं होतं."

मी भाजी निवडत होते, निवडतच राहिले. मग दिवस गेले. तुम्ही मधूनमधून विषय काढायचात, मी टाळायचे. शेवटी म्हणालात, "बरं. पण उन्हाळ्याच्या आत ठरव."

त्याच थंडीच्या शेवटी तुमच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की कान ओठांजवळ न्यावा लागायचा. मी वाकले तर तुम्ही विचारलंत, "आज कोणता?" नर्सला काही कळलं नाही. मी सकाळी नळी बघूनच आले होते. म्हणाले, "लिंबू." तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर आपण काही बोललो नाही.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, मला विचार करायला वेळ नव्हता. मग घर रिकामं झालं. ऊन वाढलं. गेल्या आठवड्यात एका दुपारी दाणे घालायला गेले तर मासे नेहमीपेक्षा वर पोहत होते. मी बराच वेळ उभी राहिले. मग भिंतीजवळ जाऊन भाभींना हाक मारली. त्यांना न सांगता करणं मला बरं वाटेना. सांगितलं, वन्सं काय म्हणाल्या होत्या ते, आणि मी काय ठरवलंय ते.

भाभींनी टाकीकडे बघून हात जोडले. मग म्हणाल्या, "बता दिया, अच्छा किया. रविवार को तो हमें मोहनखेड़ा जाना ही है."

मला माहीत आहे, त्या तीर्थाला जायचं त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. पण रविवारी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं.

जाळी ह्यांनी धरली. मी विचारलं नव्हतं, ते आपणहून पँट दुमडून आले. अर्धे मासे काढले, मोठे मोठे. लहानपणी आईने दाखवलं होतं तसं, त्यांना तडफडू न देता, झटकन केलं. मध्ये एकदा थांबावं लागलं. मग काढलेल्यांतले राहिलेलेही केले. जास्तीचे आईकडे आणि आईच्या शेजाऱ्यांकडे पाठवले, दोन मासे घरात ठेवले. ओलं खोबरं वाटलं, कोकम भिजवलं, आपल्याच वाफ्यातली कोथिंबीर तोडली. कालवण उकळायला लागलं आणि वास घरभर गेला, तशी मी सवयीने स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले. मागून हे म्हणाले, "असू दे उघडी. ताईने मला बजावलं होतं, ज्या दिवशी शैला करेल त्या दिवशी खिडकी लावायची नाही."

तुम्ही त्यांनाही सांगून ठेवलं होतंत. मला काहीच बोलला नव्हतात.

ह्यांनी वरण-भात वाढून घेतला आणि माझ्या शेजारी बसले. मी पहिला घास घेतला तेव्हा रडू आलं, पण मासा चांगला झाला होता, वन्सं. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणतात, तो मुळीच नव्हता. पाणी तुमचं होतं. मी ताट साफ केलं.

जेवण झाल्यावर कढई घासली. ती हातात घेऊन क्षणभर उभी राहिले, आता ही कुठे ठेवायची म्हणून. मग पुसली, आणि फळीवर बाकीच्या भांड्यांच्या रांगेत, तिच्या जागी ठेवली.